मोठच्या परसातील वेलवांगी

झाशीहून कानपूरच्या सडकेने ईशान्येस निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरांवर मोठ हे तहसिलीचे गाव लागते. १७४२ साली नारो शंकरांस झाशीची सुभेदारी मिळाली, तेव्हापासून १८५४ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत या प्रांती मराठी अंमलदारांचा राबता होता. त्यांच्या आमटीची आंबटाई चिंचेची किंवा आमसुलाची असणार. टोमॅटो हे साहेबाच्या बंगल्यातले फळ. जॉर्ज वॉट यांनी १८८९ ते १८९३ च्या दरम्यान प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशात लिहिले आहे की, याची लागवड मुख्यतः युरोपियनांसाठी होते, एतद्देशीयांस त्याची गोडी नुकती लागू लागली आहे. हिंदीत ते 'विलायती बैंगन', आणि आपल्याकडे 'वेलवांगी'. नाव बरोबर आहे. वांग्याचेच हे भावंड.

साहेबाबरोबर त्याची बागकामाची पुस्तकेही आली आणि घोटाळा तेथेच झाला. विलायतेत लवकर फळ घ्यायचे म्हणजे थंडीशी झगडायचे: काचेखाली बी रुजवायचे आणि वसंताची वाट पाहायची. मोठला हे गणित उलटे होते. येथे लवकर म्हणजे पावसाळ्यातच रोप तयार करणे. पुढे डिसेंबर-जानेवारीत पाला पडतो आणि एप्रिलपासून लू वाहू लागते. दोन्हींच्या मध्ये सापडेल तेवढाच टोमॅटोचा हंगाम.

मग जूनमध्येच बी का पेरू नये? याचे उत्तर १९४४ साली कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून मिळाले. टोमॅटोची फळधारणा दिवसापेक्षा रात्रीच्या तापमानावर अवलंबून असते. पंधरा ते वीस अंशांची रात्र त्याला मानवते. ऑगस्टच्या उबदार रात्री फुले येतात आणि गळून पडतात. म्हणून जुलैच्या पूर्वार्धात उंच गादीवाफ्यावर बी टाकावे, वर गवताचे छप्पर करावे आणि महिन्याभराने रोप लावावे, म्हणजे ऑक्टोबरच्या गार रात्री फुले भरात येतात. त्याहून घाई केल्यास पाने मिळतात, फळे नव्हेत.

बेतवेवर परिछा येथे बंधारा घालून १८८० च्या दशकात कालवा निघाला, त्यामुळे मोठ तहसिलीत हिवाळी पिकांस पाणी मिळाले. पण तेथील 'मार' म्हणजे आपली काळीच जमीन. पावसात चिखल, उन्हात भेगा. रोप सपाटीत न लावता वरंब्यावर, आणि पहिल्या पानांपर्यंत खोल लावावे, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात.

वाणाच्या बाबतीत या प्रांताचे ऋण आहे. मेरठकडील निवडीतून आलेला 'इम्प्रूव्हड मेरुती' आणि अमेरिकेचा 'सू' यांच्या संकरातून पुसा संस्थेने 'पुसा रुबी' काढला. त्याच मेरुतीपासून 'पुसा अर्ली ड्वार्फ' हा लवकर येणारा ठेंगू वाण झाला.

आता फुटव्यांची गोष्ट. बदलीवरील माणसाला लवकर फळ हवे असते याचे कारण उघड आहे: लावणारा आणि खाणारा एकच असेल याची त्याला शाश्वती नसते. टोमॅटो आपल्या मूळ दक्षिण अमेरिकेत बहुवर्षायू आहे, म्हणून त्याच्या पानाच्या बेचक्यातला वीतभर फुटवा सावलीत ओल्या वाळूत खोचला की आठ-दहा दिवसांत मुळे धरतो. जून झाडाचा असल्याने त्याला रोपवाटिकेतला महिना लागत नाही आणि फूलही लवकर येते. नोव्हेंबरात असे फुटवे लावून पाल्याच्या रात्री गवताने झाकले, तर दुसरे पीक लू सुरू होण्याआधी हाती लागते. बदलीचा हुकूम आलाच, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला फुटवा एका रात्रीचा आगगाडीचा प्रवास सहज सोसतो. फक्त पाने आखडलेल्या झाडाचा घेऊ नये. वासुदेव व सॅम राज यांनी १९४८ साली वर्णिलेला तो रोग पांढरी माशी पसरवते, आणि फुटव्याबरोबर तोही नव्या गावी येतो.