काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या कागदपत्रांत गांवाचा निर्देश करितांना ‘काळी’ व ‘पांढरी’ हे शब्द जोडीनें येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा केवळ वतनदारीचा शब्दव्यवहार नव्हे. घर कोठें बांधावें व कोठें बांधूं नये, ह्याचा विचार त्यांत सांठविलेला आहे असें आम्हांस वाटतें.

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेंत येतात. नीरा व भीमा येथें डोंगरांतील पाणी आणतात, परंतु आकाशांतून वर्षाकाठीं सुमारें २० इंचच पाऊस पडतो. नदीकांठची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तिच्याबरोबर हलते आणि तडकते. म्हणून पूर्वजांनीं घरें मुरमाड उंचवट्यावर बांधलीं आणि काळी नांगरासाठीं राखिली.

छपराचाही न्याय तोच. कोंकणांत उतरतें छप्पर, येथें सपाट माळवद. तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला व चिखल, आणि सर्वांवर खारट पांढऱ्या मातीचा थर. ही माती भिजली म्हणजे तिचे बारीक कण पसरून छिद्रें बुजवितात. बेताच्या पावसास एवढें पुरतें. जाड भिंतींतून दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत रात्र होई, आणि तोंवर घरची मंडळी माळवदावर निजावयास गेलेली असत.

पुढें मनुष्यानें ह्या भूमीचें रूप दोनदां पालटलें. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला. ऊंस व पैसा आला, तशीच कांहीं जमीन पाझरानें चिबड व खारवट झाली. १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें. इंदापूर तालुक्यांतील पळसदेवची जुनी वस्ती जलाशयांत गेली. पाणी ओसरलें कीं तेथील दगडी देऊळ अद्यापि दिसूं लागतें.

आज रस्त्यारस्त्यानें काळीवरच सिमेंटचीं घरें उठत आहेत. त्यांचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीं तीच उष्णता आंत सोडतो. माळवद दरसाल डागडुजी मागतें, लांकूड महाग झालें, हें आम्ही जाणतों. मातीच्या घरांत परत जा, असें कोणास सांगत नाहीं. परंतु पाया खणण्यापूर्वीं जमीन कोणती व ऊन कोणीकडचें, एवढें तरी पाहावें. घर चुकलें तर पुन्हां बांधतां येतें. घरांखालीं गेलेली काळी मात्र सहसा नांगराकडे परत येत नाहीं.