तुंबडी चिकित्सा, चिनी
तुंबडी चिकित्सा, चिनी : त्वचेवर उपड्या ठेवलेल्या पेल्यातील हवेचा दाब कमी करून निर्माण होणाऱ्या चोषणाने उपचार करण्याची चीनमधील परंपरागत पद्धती. प्रारंभी पोकळ शिंगे वापरीत असल्याने तिला प्राचीन ग्रंथांत ‘शृंगपद्धती’ अशा अर्थाचे नाव आहे.

छांगशा (हूनान प्रांत) येथील मावांगद्वे या स्थळी इ. स. पू. १६८ मधील थडग्यात १९७३ साली रेशमी वस्त्रांवर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. त्यांपैकी एकात मूळव्याधीचा कोंब लहान शिंगाने ओढून, दोरीने बांधून कापण्याची कृती दिली आहे. म्हणजे आरंभी ही पद्धती शस्त्रक्रियेस साहाय्यभूत होती. चौथ्या शतकात वैद्य गो हुंग याने काही प्रकारच्या गळवांवर व गाठींवर शिंग लावणे घातक ठरते, असा इशारा दिला.

तांग काळात (६१८–९०७) राजवैद्यकीय संस्थेत शृंगपद्धती हा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासविषय होता. वांग ताव याच्या ७५२ मधील ग्रंथात पाण्यात उकळलेल्या बांबूच्या नळ्यांचा उल्लेख आहे. नळी थंड होताना आतील वाफेचे द्रवीभवन होऊन दाब घटतो. अठराव्या शतकात जाव श्युएमिन याने आतील हवा ज्योतीने तापवून लावावयाच्या मातीच्या पेल्यांचे वर्णन केले. या काळापर्यंत पू व रक्त काढण्याऐवजी डोकेदुखी, पोटदुखी यांसारख्या, थंडी-वाऱ्याने उद्‌भवणाऱ्या मानलेल्या विकारांवर हा उपचार रूढ झाला होता. विसाव्या शतकात काचेचे व पंपाचे पेले आले. १९५० नंतर शासनाने परंपरागत वैद्यकास आश्रय दिल्याने हा उपचार रुग्णालयांतही होऊ लागला.

पेला तसाच ठेवणे, तेल लावून फिरवणे व त्वचेस टोचून रक्त काढणे हे प्रमुख प्रकार होत. उपचारानंतर उमटणारे गडद वर्तुळाकार डाग साचलेले रक्त व ‘ची’ (प्राणशक्ती) मोकळे झाल्याचे लक्षण मानतात. वस्तुतः ते केशवाहिन्या फुटल्याने पडतात. २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावरील अशा डागांमुळे या उपचाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

चोषणाचे तत्त्व केवळ चीनपुरते नाही. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शृंग, जलौका व अलाबू (भोपळा) सांगितले आहेत. महाराष्ट्रात वैदू तुंबड्या लावीत. मान व पाठदुखीत काही काळ आराम पडल्याचे काही चाचण्यांत आढळले असले, तरी पुरावा दुबळा आहे. भाजणे व जंतुसंसर्ग हे धोके असून, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्यांनी हा उपचार टाळणे आवश्यक असते.