बालकांसाठी सनस्क्रीन

बालकांसाठी सनस्क्रीन म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील (जंबुपार) किरणांपासून लहान मुलांच्या त्वचेचे रक्षण करण्यासाठी बाहेरून लावावयाचे मलम, लोशन, कांडी अथवा फवारा. मराठीत त्यास 'सूर्यरोधक मलम' असा शब्द योजता येतो. व्यवहारात मात्र 'सनस्क्रीन' हाच शब्द रूढ आहे. बालरोगतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ या साधनास पूरक साधन मानतात. सावली, अंगभर कपडे, टोपी आणि दुपारचे ऊन टाळणे हे उपाय आधी येतात व त्यांतून उघड्या राहिलेल्या त्वचेसाठी सनस्क्रीन वापरले जाते. सहा महिन्यांखालील अर्भकांना ते सामान्यतः लावू नये, असा सल्ला दिला जातो.

अतिनील किरण आणि बालत्वचा

जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर यांनी १८०१ साली अतिनील किरणांचा शोध लावला. या किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पाडले जातात. 'सी' गटातील किरण वातावरणातच शोषले जातात. 'बी' गटातील किरण (सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर) त्वचा भाजण्यास मुख्यतः कारणीभूत असतात. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासही हेच किरण लागतात. 'ए' गटातील किरण (३१५ ते ४०० नॅनोमीटर) त्वचेत अधिक खोल जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आरपार येतात.

अर्भकाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर प्रौढांच्या तुलनेत पातळ असतो व त्वचेतील मेलॅनिन हे रंजकद्रव्यही कमी असते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे त्वचेवर लावलेले कोणतेही द्रव्य शरीरात शोषले गेल्यास त्याचे दर किलो वजनामागील प्रमाण बाळाच्या बाबतीत अधिक भरते. हा मुद्दा केवळ सनस्क्रीनपुरता नाही. बाळाच्या अंगाला चोळल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थास तो लागू आहे.

ऊन किती तापले आहे यावरून अतिनील किरणांचा अंदाज बांधता येत नाही. थंड वाऱ्याच्या दिवशी किंवा विरळ ढगांतूनही हे किरण मोठ्या प्रमाणात जमिनीवर पोहोचतात. त्यांची तीव्रता अतिनील निर्देशांकाने मोजतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असताना संरक्षण आवश्यक असते आणि ११ पासून पुढची पातळी अतितीव्र गणली जाते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मुंबईत हे मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस घडते. 'शून्य सावली दिवस' म्हणून शाळांतून दाखवला जातो तो हाच. मुलांना समजावण्यासाठी सावलीचा नियम त्यामुळे फार सोयीचा आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरण तीव्र असतात.

परावर्तनही विचारात घ्यावे लागते. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकतो. समुद्रकिनाऱ्यावर छत्रीखाली बसवलेले मूलही म्हणूनच पूर्णतः सुरक्षित नसते.

सहा महिन्यांखालील अर्भके

या वयात संरक्षणाचे साधन सावली हेच आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सहा महिन्यांखालील बाळांना सनस्क्रीन लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारण्यास सांगते. तेथील बालरोगतज्ज्ञांची अकादमी थोडी सवलत देते: सावली व कपडे यांनी पुरेसे संरक्षण होणे शक्यच नसेल, तर चेहरा, हाताची पाठ अशा लहानशा भागांवर अल्प प्रमाणात लावण्यास हरकत नाही.

महाराष्ट्रातील घरांत बाळाला बाहेर नेताना घालावयाची कुंची, टोपडे, पूर्ण बाह्यांचे झबले ही वस्त्रे या दृष्टीने अगदी योग्य आहेत. कापड सैल, हलके पण घट्ट विणीचे असावे. कापड उजेडासमोर धरले असता पलीकडचे स्पष्ट दिसत असेल, तर ते ऊन फारसे अडवत नाही. बाबागाडीवर किंवा झोळीवर जाड कापड चारही बाजूंनी बांधणे मात्र धोक्याचे आहे. आत हवा खेळत नाही व तापमान झपाट्याने वाढते.

कोवळे ऊन, तेल आणि ड जीवनसत्त्व

तेल लावून बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. त्यामागे ड जीवनसत्त्व मिळते अशी समजूत असते. प्रत्यक्षात सूर्य क्षितिजाजवळ असताना 'बी' किरण वातावरणात बहुतांशी गाळले जातात, त्यामुळे कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व अल्पच तयार होते. बंद काचेआडच्या उन्हात तर ते जवळजवळ तयार होतच नाही. ज्या वेळी ते भरपूर तयार होऊ शकते, त्या भर दुपारच्या उन्हात बाळाला नेणे इष्ट नाही. ही अडचण थेंबांनी सुटते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना (इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स) पहिल्या वर्षात बाळाला दररोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस करते. सकाळच्या उन्हात थोडा वेळ बसण्याने अपाय होतो असे नाही. पण त्यावर विसंबून थेंब टाळू नयेत.

नवजात बाळाची कावीळ उन्हात ठेवून उतरवण्याचा प्रघातही याच संदर्भात नोंदवला पाहिजे. रुग्णालयातील प्रकाशोपचारात ठरावीक तरंगलांबीचा निळा प्रकाश मोजून दिला जातो. घरातले ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही आणि त्यात गेलेला वेळ बाळाच्या मेंदूस धोका पोहोचवू शकतो. बाळ पिवळे दिसत असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.

खोबरेल, तिळाचे तेल, हळद, चंदन अथवा बेसन यांच्या लेपामुळे उन्हापासून विश्वसनीय संरक्षण मिळत नाही. घरी तेलात जस्ताची पूड कालवून केलेले मलमही टाळावे, कारण त्यात कण समप्रमाणात पसरत नाहीत व त्वचेचे काही भाग उघडेच राहतात.

निवड

सनस्क्रीनमधील किरणरोधक द्रव्ये दोन प्रकारची असतात: खनिज (झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड) आणि कार्बनी (ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट इत्यादी). खनिज द्रव्ये आरशाप्रमाणे किरण परतवतात, असे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. ते बरोबर नाही. तीही अतिनील किरण मुख्यत्वे शोषूनच घेतात व परावर्तनाचा वाटा लहान असतो.

लहान मुलांसाठी खनिज द्रव्यांना पसंती दिली जाते, ती वेगळ्या कारणाने. ही द्रव्ये निरोगी त्वचेतून आत फारशी शिरत नाहीत आणि त्यांनी ॲलर्जी वा चुरचुर क्वचितच होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली मांडलेल्या प्रस्तावात तपासलेल्या १६ द्रव्यांपैकी केवळ या दोनच द्रव्यांना सुरक्षित व परिणामकारक म्हटले होते. दोन द्रव्ये नाकारण्यात आली आणि उरलेल्या १२ द्रव्यांविषयी अधिक माहिती मागवण्यात आली. २०१९ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत काही कार्बनी द्रव्ये प्रौढ स्वयंसेवकांच्या रक्तात उतरल्याचे आढळले. रक्तात उतरणे म्हणजे अपाय होणे नव्हे, हे त्या प्रशासनानेच स्पष्ट केले आहे. तथापि लहानग्यांच्या बाबतीत सावधगिरी बाळगण्यास ते पुरेसे कारण आहे. खनिज मलमाचा दोष असा की सावळ्या त्वचेवर त्याचा पांढरट थर दिसतो. मुले त्यावरून एकमेकांना चिडवतात आणि मग लावू देत नाहीत. लोह ऑक्साइड मिसळलेली, त्वचेच्या रंगाशी जुळणारी मलमे हा त्यावरचा एक उपाय आहे.

वेष्टनावरील 'एसपीएफ' हा आकडा प्रामुख्याने 'बी' किरणांपासूनचे संरक्षण दर्शवतो. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी ही संकल्पना रूढ केली. पूर्ण प्रमाणात लावल्यास एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के 'बी' किरण अडवते. म्हणजे ३० च्या पुढे वाढणाऱ्या आकड्याने किंमत वाढते तितके संरक्षण वाढत नाही. मुलांसाठी किमान ३० पुरेसे धरतात. 'ए' किरणांसाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' ही अक्षरे, वर्तुळातील 'यूव्हीए' हे युरोपीय चिन्ह किंवा जपानी पद्धतीची 'पीए' व त्यापुढील अधिक चिन्हे पाहावीत. सुगंधरहित व पाण्यात टिकणारे मलम निवडावे. अमेरिकेच्या नियमांत 'बेबी' या शब्दाला सनस्क्रीनपुरता वेगळा अर्थ नाही, तेव्हा बाटलीवरील बदकापेक्षा मागील बाजूची घटकांची यादी वाचणे अधिक उपयोगी.

फवारा हा प्रकार मुलांसाठी सोयीचा वाटतो. परंतु तो श्वासावाटे आत जातो, वाऱ्यावर उडतो आणि त्वचेवर किती बसला ते कळत नाही. वापरायचाच झाल्यास मोठ्यांनी आपल्या तळहातावर फवारून मग मुलाला लावावा. सनस्क्रीन व डासप्रतिबंधक एकत्र असलेली उत्पादनेही मुलांसाठी नकोत. सनस्क्रीन पुन्हापुन्हा लावावे लागते, डासप्रतिबंधक मात्र तसे लावणे योग्य नाही. दोन्ही लागणार असतील तर आधी सनस्क्रीन, मग डासप्रतिबंधक.

प्रमाण आणि लावण्याची रीत

प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक लोक याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात. साहजिकच वेष्टनावरचे संरक्षण त्यांना मिळत नाही. हिशोब करून पाहण्यासारखा आहे. सहा वर्षांच्या, सुमारे २० किलो वजनाच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अंदाजे ८,००० चौरस सेंटिमीटर असते. अर्ध्या बाह्यांचा सदरा व अर्धी चड्डी घातल्यावर त्यातील साधारण एक तृतीयांश भाग उघडा राहतो असे धरले, तर एका वेळेस ५ ग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे चहाचा एक चमचा भरून मलम लागते. या मापाने ५० ग्रॅमची नळी नऊ-दहा वेळांत संपते. दिवसातून दोनदा लावणाऱ्या घरात ती पाच दिवसही पुरत नाही. सामान्य कुटुंबाला हा खर्च सहज झेपणारा नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी यांनी उघडी त्वचा कमी होते, मलमही कमी लागते. म्हणून कपड्यांना पहिला मान दिला जातो.

नवे मलम प्रथम मनगटाच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक-दोन दिवस पुरळ येते का ते पाहावे. उन्हात जाण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे आधी, घरातच, कोरड्या त्वचेवर लावावे. ठिपके देऊन अलगद पसरावे; खसखसा चोळल्याने थर पातळ होतो. कानाच्या पाळ्या, मानेची मागील बाजू, केसांचा भांग, पावलांची वरची बाजू व गुडघ्यामागील भाग हमखास सुटतात. पापण्यांवर लावू नये; डोळ्यांभोवती कांडी सोयीची पडते, कारण ती घामाबरोबर कमी ओघळते. तोंडात बोटे घालणाऱ्या मुलांचे तळहात वगळावेत. दर दोन तासांनी, तसेच पोहल्यानंतर, घाम आल्यावर किंवा टॉवेलने अंग पुसल्यावर पुन्हा लावावे लागते. सनस्क्रीन लावले म्हणून उन्हात अधिक वेळ खेळू देणे हा त्याचा सर्वांत सामान्य गैरवापर आहे.

ऑस्ट्रेलियातील मोहीम व उपलब्ध पुरावा

त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रेलिया. तेथील व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम सुरू झाली. सिड नावाचा व्यंगचित्रातील समुद्रपक्षी मुलांना अंगात सदरा चढवा, सनस्क्रीन चोपडा, डोक्यावर टोपी ठेवा, असे गाऊन सांगे. २००७ साली त्यात सावली शोधणे व गॉगल लावणे यांची भर पडली. तेथील अनेक प्राथमिक शाळांत 'टोपी नाही तर खेळ नाही' असा नियम असतो. घोषणेत सदरा मलमाच्या आधी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

क्वीन्सलंडमधील नॅम्बोर येथे १९९२ ते १९९६ या काळात प्रौढांवर झालेल्या चाचणीत दररोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे दिसले. मुलांवरील पुरावा अप्रत्यक्ष आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथे ४५८ शाळकरी मुलांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एसपीएफ ३० चे सनस्क्रीन मिळालेल्या मुलांच्या अंगावर तीन वर्षांत नवे तीळ तुलनेने कमी उमटले. ही सर्व मुले गोऱ्या वर्णाची होती.

भारतीय मुलांच्या संदर्भात

वरील निष्कर्ष भारतीय मुलांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरणांपासून नैसर्गिक संरक्षण देते आणि भारतीयांत त्वचेचा कर्करोग तुलनेने विरळा आहे. तरीही सावळी त्वचाही भाजते, केवळ लाली चटकन दिसत नाही. डोळ्यांना होणारा अपाय तर वर्णावर अवलंबून नसतो. पोहण्याचा तलाव, कोकणचा किनारा, क्रीडास्पर्धा, दिवसभराचा गडप्रवास अशा प्रसंगी सनस्क्रीन उपयोगी आहे. सकाळी शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला मात्र टोपी पुरे होते.

भारतात सनस्क्रीनची विक्री बऱ्याचदा 'काळवंडू नये' या भीतीवर होते. मूल खेळून रापले तर त्यात आजार नाही. सनस्क्रीन वर्ण उजळवत नाही, आणि त्या हेतूने ते मुलांना लावताना मुलांच्या मनात आपल्या रंगाविषयी कमीपणाच तेवढा रुजतो. गोरेपणाचा दावा करणारी क्रीमे मुलांना लावू नयेत.

काही मुलांसाठी मात्र सनस्क्रीन ही आयुष्यभराची गरज असते. जन्मतः रंजकहीनता (अल्बिनिझम) असलेल्या मुलांच्या त्वचेत मेलॅनिन अत्यल्प असते. त्यांना भारतातही त्वचेच्या कर्करोगाचा मोठा धोका संभवतो. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मीळ आनुवंशिक विकारात अतिनील किरणांनी झालेली जनुकद्रव्याची हानी पेशींना दुरुस्त करता येत नाही. हे दोन्ही विकार सहसा अप्रभावी जनुकांमुळे होत असल्याने नात्यातल्या विवाहांतून जन्मलेल्या मुलांत त्यांची शक्यता वाढते. कोडाच्या पांढऱ्या डागांनाही ऊन लवकर भाजते. अशा मुलांच्या शाळेने त्यांना मैदानावरील दुपारच्या कवायतीतून सूट द्यावी, वर्गात टोपी घालू द्यावी आणि खिडकीपासून दूर बसवावे.

नियमन व साठवण

अमेरिकेत सनस्क्रीन औषध म्हणून, तर युरोपीय संघात व भारतात सौंदर्यप्रसाधन म्हणून नियंत्रित केले जाते. भारतात त्यास १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. प्रवाळांना अपाय होत असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली.

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेले सनस्क्रीन उष्णतेने बिघडते. पाणी व तेल वेगळे झालेले, वास बदललेले अथवा मुदत संपलेले मलम टाकून द्यावे. डोळ्यांत गेल्यास डोळे स्वच्छ पाण्याने धुवावेत. मुलाने नळीतील मलम गिळले असल्यास वेष्टन बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे.