काचेवरचा चुना

वापरलेला फिशटँक घरी आणला की जिथपर्यंत पाणी असायचे तिथे काचेवर पांढरट, खरखरीत पट्टा हमखास दिसतो. साबणाने तो जात नाही, कारण तो मळ नव्हेच. बहुतांशी तो कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात तेच द्रव्य. त्यावर पांढरे व्हिनेगर लावले की बारीक बुडबुडे उठतात आणि थर सुटू लागतो. हा उपाय फिशटँकहून फार जुना आहे. त्या बुडबुड्यांतल्या वायूचा माग काढत गेले, तर मात्र आपण फिशटँकच्याच जन्मापाशी पोहोचतो.

आंबट पदार्थ चुन्याला खातो, हे रोमन लोकांना ठाऊक होते. क्लिओपात्राने व्हिनेगरमध्ये मोती विरघळवून तो पिऊन टाकला, अशी कथा रोमन लेखक प्लिनीने सांगितली आहे. मोतीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच, त्यामुळे विरघळतो हे खरे. पण अख्खा मोती एका जेवणाच्या वेळात संपत नाही.

यामागचे कारण कळायला अठरावे शतक उजाडले, आणि निमित्त झाले मूतखड्याचे. त्यावर चुन्याची निवळी औषध म्हणून देत. ही निवळी शिंपल्यांच्या चुन्याची चांगली की दगडाच्या, यावर एडिंबरातल्या वैद्यांमध्ये वाद पेटला होता. तिथे वैद्यक शिकणाऱ्या जोसेफ ब्लॅकने वादात न पडता हाती तराजू घेतला. चुनखडीवर आम्ल ओतल्यावर फसफसून जितके वजन घटते, जवळजवळ तितकेच ते भट्टीत भाजल्यावरही घटते, असे त्याला आढळले. म्हणजे घट्ट दगडाच्या पोटात हवा बांधलेली होती! 1756 साली त्याचा प्रबंध छापून आला. त्याने जिला ‘बद्ध हवा’ म्हटले, ती आजचा कार्बन डायऑक्साइड. या साऱ्या कथेत मला सर्वांत थोर वाटतो तो हाच प्रयोग. निव्वळ वजन करून त्याने न दिसणारी वस्तू पकडली.

पुढे 1779 साली डच वैद्य इंगेनहाऊसने दाखवून दिले की वनस्पती हवा शुद्ध करतात ती उजेडात. या ज्ञानाच्या आधारे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने एका टाकीत सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि सडकी पाने खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवल्या. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेत, त्यांनी सोडलेला प्राणवायू मासे घेत. 1850 मध्ये त्याने हा समतोल केमिकल सोसायटीपुढे मांडला. तीनच वर्षांत रीजंट्स पार्कमध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि काचेच्या पेट्या घरोघरी जाऊ लागल्या.

काचेवरचा चुनाही याच व्यवहारातून बसतो. जड पाण्यात चुना विरघळून राहतो तो कार्बन डायऑक्साइडच्या आधाराने. वनस्पतींनी तो वायू ओढून घेतला किंवा हवेच्या पंपाने उडवून लावला की चुन्याचा आधार सुटतो. त्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि आपण पुन्हा बोअरचेच पाणी भरतो. दर भरणीला पट्टा जाड होत जातो.

पाण्याचा जडपणा मोजण्याची रीत ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्कने बसवली. टिकाऊ फेस यायला साबण किती लागतो, यावरून तो जडपणा ठरवी. ‘बोअरच्या पाण्यात फेस येत नाही, डाळ शिजत नाही’ असे आपल्याकडे म्हणतात, त्यातली पहिली पारख तीच.

पट्टा काढताना व्हिनेगरचा वास नको असेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आहेच. स्वीडिश रसायनतज्ज्ञ शीलेने 1784 मध्ये लिंबाच्या रसातून ते वेगळे काढले ते खडूच्याच मदतीने: आधी रसात खडू घालून साका बसवला, मग गंधकाम्लाने त्यातले आम्ल सोडवले. 1917 मध्ये रसायनतज्ज्ञ जेम्स करीने साखरेवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीकडून ते मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि लिंबाच्या बागांवरचे अवलंबित्व संपत गेले.

टँक रिकामा करून आडवा ठेवावा. डागांवर कागदी रुमाल पसरून ते व्हिनेगरने भिजवावेत आणि वाळू न देता काही तास राहू द्यावेत. घाई करून खरवडू नये, आम्लाला त्याचे काम करू द्यावे. मग प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने थर अलगद निघतो. ब्लेड फक्त सपाट काचेवर, सिलिकॉनच्या सांध्यांपासून दूर चालवावे. ॲक्रिलिकच्या टाकीला तर ते लावूच नये. शंख आणि पोवळी आधीच बाहेर काढावीत, तीही चुन्याचीच आहेत. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. शेवटी वास पुरता जाईपर्यंत टाकी साध्या पाण्याने धुवावी.

इतके करूनही धूसरपणा उरला, तर काच स्वतःच झिजलेली असू शकते. तिथे आम्लाचा उपयोग नाही. पाणी भरल्यावर असा बारीक धूसरपणा बराच कमी दिसतो. आणि वाफ होऊन घटलेले पाणी भरून काढताना बोअरऐवजी आरओचे पाणी घातले, तर नवा पट्टा फार सावकाश चढतो.