कॉन्स्टंटाइनचा क्रूस आणि कुळाच्या पायातील बेडी

क्रमिक पुस्तकांत कॉन्स्टंटाइन येतो तो ३१२ मधील मिल्वियन पुलावरच्या विजयासह, आणि ३१३ मध्ये मिलान येथे ख्रिस्ती धर्माला मोकळीक देऊन निघून जातो. त्याची श्रद्धा खरी की राजकारणी, या पंडिती वादात मला रस नाही. मी इतिहास शिकवतो, आणि माझे वाडवडील जेथे उभे होते तेथून त्याचे कायदे वाचतो.

३१५-१६ च्या सुमाराचा एक कायदा पाहा. खाणीत किंवा झुंजींच्या आखाड्यात धाडलेल्या शिक्षापात्राच्या चेहऱ्यावर डाग देऊ नये, कारण चेहरा दिव्य सौंदर्याच्या प्रतिरूपात घडला आहे. मग डाग कोठे? हातांवर, पोटऱ्यांवर! दिव्यत्व गळ्याखाली उतरले नाही. ३१९ च्या कायद्याने शस्त्राने, विषाने गुलामाला मारणे गुन्हा ठरले खरे. पण शिक्षेच्या फटक्यांनी तो मेला, तर मालकावर मनुष्यवधाचा ठपका नाही. चर्चमध्ये बिशपसमोर गुलाम मुक्त करण्याची सोय त्याने ३२१ मध्ये पक्की केली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र मुक्तीची इच्छा मालकाची.

३२५ मध्ये निकियाला सुमारे ३०० बिशप जमले, सम्राट जातीने हजर. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे काय, यावर घनघोर चर्चा झाली. गुलामगिरी असावी की नसावी, हा प्रश्न तेथे नव्हता. ज्या चर्चचा डायोक्लिशनने ३०३ पासून छळ केला, त्याच्या पुरोहितांना आता सार्वजनिक बोज्यांतून सूट होती.

डायोक्लिशनचे देव गेले, त्याची करव्यवस्था राहिली. कॉन्स्टंटाइनने एका पौंडातून ७२ सोन्याची नाणी पाडली. ज्याच्याजवळ सोने त्याला स्थैर्य आले. व्यापारी आणि कारागिरांवर सोन्या-चांदीतला नवा कर बसला. निवृत्त सैनिकाच्या मुलाने सैन्यात जावे, नाहीतर नगरसभेचा भार वाहावा. बापाचे काम मुलाच्या माथी मारणाऱ्या समाजात जन्मलेल्यास हे वेगळे समजवावे लागत नाही.

कर गोळा व्हायचा तर कसणारा जमिनीवर हवा. म्हणून ३३२ चा कायदा: पळण्याच्या बेतात असलेल्या कुळास गुलामासारखे बेड्यांत जखडावे. हे कूळ कायद्याने स्वतंत्र माणूस होते. दुसऱ्याचे कूळ ज्याच्याकडे सापडेल, त्याने ते मूळ जागी परत करावे आणि तितक्या काळाचा त्याचा डोईकरही भरावा. पाच वर्षांनी, ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर सम्राटाने बाप्तिस्मा घेतला. कायदा तसाच राहिला.