बाप खरा, पण पालक नव्हे

इंग्लंडमधल्या एका घराची कल्पना करा. आईवडील लग्न न करता एकत्र राहत आहेत. थोरल्या मुलीचा जन्म नोव्हेंबर २००३ मधला, धाकट्या मुलाचा २००५ मधला. दोघांच्याही जन्मनोंदीत वडिलांचे नाव आहे, दोघांना रोज शाळेत तेच सोडतात. पुढे आईवडील वेगळे झाले आणि आईने मुलांची शाळा बदलायचे ठरवले. धाकट्याच्या बाबतीत वडिलांना आईच्या बरोबरीने बोलण्याचा हक्क होता. थोरलीच्या बाबतीत मात्र आईशी रीतसर करार किंवा न्यायालयाचा आदेश नसेल, तर तो हक्क नव्हता!

एकाच घरात असा भेद कसा झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. जुन्या इंग्रजी कायद्यात विवाहबाह्य मूल हे ‘कोणाचेच मूल नव्हे’ असे मानले जाई. त्याला बापाकडून वारसा नव्हता. बापाची आठवण व्हायची ती खर्चाच्या वेळी. मुलाचा भार गावच्या धर्मादाय निधीवर पडू नये, म्हणून १५७६ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांना आईकडून किंवा बापाकडून पोटगी वसूल करण्याचा अधिकार दिला. १८३४ च्या गरीब कायद्याने तर बहुतेक सारा भार आईवरच टाकला. त्यावर इतका असंतोष माजला, की १८४४ मध्ये आईला स्वतः बापाविरुद्ध पोटगीसाठी अर्ज करण्याची मुभा द्यावी लागली.

पैसे बापाचे, मग निर्णय कोणाचा? १८९१ मध्ये डॉ. बर्नार्डो यांच्या अनाथालयाशी संबंधित खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, की अशा मुलाचे संगोपन कोठे व्हावे याबाबत आधी आईची इच्छा पाहावी. अविवाहित बापाला ताब्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याचा मार्ग मिळाला तो थेट १९५९ मध्ये.

१९८९ च्या बालक कायद्याने ‘पालकीय जबाबदारी’ ही कल्पना रूढ केली. शाळेची निवड, वैद्यकीय उपचारांना संमती हे सारे तिच्यात येते. आईला ती जन्मतःच मिळते. अविवाहित बापाला मात्र आईशी करार करून किंवा न्यायालयाकडूनच ती मिळवावी लागे. १ डिसेंबर २००३ पासून नियम बदलला. आईच्या जोडीने जन्मनोंदीत नाव लावणाऱ्या बापाला ती आपोआप मिळू लागली. पण नियम मागील नोंदींना लागू नव्हता. आपल्या गोष्टीतली थोरली मुलगी काही दिवसांनी हुकली ती अशी. तिच्या वेळची मुले २०२१ पर्यंत सज्ञान झाली, तेव्हा कुठे हा भेद संपला.

कायद्याचा संशय अगदीच निराधार होता असे नाही. मूल आईच्या पदरात टाकून निघून जाणारे बाप होते, मारझोड करणारेही होते. त्यांच्या हाती नकाराधिकार देणे आईला जाचक झाले असते. पण त्या भीतीपायी रोज मुलाचा अभ्यास घेणारा बापही दाराबाहेर राहिला.

आपल्याकडे काय? शाळेच्या अर्जात वडिलांचे नाव विचारण्याची आपली जुनी रीत. पण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला, बापाचे नाव न सांगता व त्याला नोटीस न देता, पालकत्वासाठी अर्ज करण्याची मोकळीक दिली. मात्र पालकत्वाचे आदेश कायमचे नसतात, त्यांना पुढे आव्हान देता येते, हेही स्पष्ट केले.

साडेचारशे वर्षांपूर्वी कायद्याने बापाला विचारले, ‘पैसे देतोस का?’ पुढे विचारले, ‘नाव लावतोस का?’ शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाचा प्रश्न मात्र याहून साधा असतो : आज मला न्यायला कोण येणार?