वाचनाचा तास

मराठी शाळेत वाचनाला स्वतंत्र तास मिळाला तो छापील पुस्तक आल्यानंतर. त्याआधी पंतोजींच्या शाळेत मुलाचा दिवस गिरवण्यात, घोकण्यात आणि हिशेबात जाई. धूळपाटीवर ओनामा, मग बाराखडी, मग उजळणी. पावकी, निमकी, दीडकी, औटकी तोंडपाठ व्हायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परवचा म्हणायचा. वाचायला मूल सर्वांत शेवटी शिके, आणि तेव्हाही त्याच्या हाती पुस्तक नसे. मोडीत लिहिलेले जुने पत्र, एखादे खत किंवा हिशेबाचा कागद त्याच्यापुढे टाकला जाई आणि तो लावायला सांगितले जाई.

'लावणे' हा शब्द येथे अचूक आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता मजकूर लिहीत. दोन शब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे नव्हती, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, आणि प्रत्येकाचे वळण निराळे. अशा कागदावर कोठे शब्द तुटतो हे मजकुराचा अर्थ ध्यानात आल्याखेरीज कळत नाही. सावकाराच्या पेढीवर किंवा कुलकर्ण्याच्या दफ्तरात बसणाऱ्या माणसाला हेच कसब लागे, म्हणून पंतोजी तेच शिकवीत. बाळबोध लिपी पोथ्यांसाठी होती, आणि तिचा स्वभाव वेगळा. तिच्यात प्रत्येक अक्षर सुटे व स्वच्छ असल्याने अर्थाचा गंध नसतानाही ओळ मोठ्याने म्हणता येते. पुढच्या दीडशे वर्षांत वाचनाच्या तासाला जे झाले, त्यातले बरेचसे या एका फरकातून निघाले आहे.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात, १८२० नंतर, मुंबईत शालेय पुस्तके तयार करणारी मंडळी उभी राहिली. पुढे 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने मराठीत पुस्तके लिहवून घेतली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि इसापाच्या गोष्टी १८२८ च्या सुमारास मुलांच्या हाती आल्या. बाळशास्त्री जांभेकरांनी शाळांसाठी पुस्तके रचली, आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले. ही पुस्तके बाळबोधीत छापलेली होती. वर्गातल्या सगळ्या मुलांपुढे एकच पान एकाच वेळी उघडलेले असणे ही मराठी शाळेला नवी गोष्ट होती. त्यामुळेच एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी बोट ठेवून ऐकायचे, हा शिरस्ता शक्य झाला.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते सुरू झाले आणि शाळा इयत्तांत बांधल्या गेल्या. खात्याच्या क्रमिक पुस्तकांवर सर्वांत मोठा ठसा मेजर थॉमस कँडी यांचा आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे हे सहकारी मराठी भाषांतरकाराच्या हुद्द्यावर होते, आणि शाळेत जाणारे मराठी त्यांच्या नजरेखालून जाई. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय त्यांचेच. त्याविषयी त्यांनी १८५० मध्ये छोटे पुस्तकच लिहिले. वर्गात याचा परिणाम तात्काळ दिसणारा होता. स्वल्पविरामाला किती थांबायचे, पूर्णविरामाला किती, प्रश्नचिन्हाशी आवाज कसा चढवायचा, हे आता शिकवता येऊ लागले आणि तपासताही येऊ लागले.

तपासणारा अधिकारी म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, गावच्या तोंडी 'दिपोटी'. त्याच्या भेटीवर शाळेची आणि मास्तरांची इभ्रत अवलंबून असे. वाचनाची परीक्षा तोंडी व्हायची. मुलाने उभे राहून पुस्तक सरळ धरावे, न अडखळता, स्पष्ट उच्चारांनी, विरामांवर थांबत वाचावे, मग विचारलेल्या शब्दांचे अर्थ सांगावेत, एवढी अपेक्षा. अपेक्षा वाजवी होती, पण ती पुरी करण्याचा सोपा मार्ग मास्तरांनी आणि मुलांनी लवकरच शोधला. वर्षभर एकच पुस्तक असल्याने ते पाठ होऊन जाई. पान उघडे असे, डोळे त्यावर असत, आणि जीभ आठवणीतून चाले. मोडीचा कागद असा फसवू देत नव्हता. छापील बाळबोधीने वाचन लक्षावधी मुलांना सोपे केले हे तिचे थोर उपकार आहेत, पण अर्थावाचूनचे खणखणीत वाचनही तिच्यामुळेच शक्य झाले.

वरच्या इयत्तांत, म्हणजे आजच्या पाचवी ते सातवीच्या वयाच्या मुलांत, तास अधिक भरीव असे. तेथे कवितेचा पाठ होता. परशुराम तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये संपादित केलेल्या 'नवनीत'ने मोरोपंत, वामन, मुक्तेश्वर, श्रीधर अशा जुन्या कवींचे वेचे एकत्र आणले आणि शालेय कवितेला वळण लावले. आर्या चालीवर म्हणून भागत नसे. तिचा अन्वय लावायचा, समास फोडायचा, व्याकरण चालवायचे आणि शेवटी सरळ गद्यात अर्थ सांगायचा. हे काम किचकट होते, आणि पुष्कळांना त्यामुळे कवितेचा धसकाही बसला. तरीही त्या काळच्या वर्गात अर्थाशी खरी झटापट होत असेल तर ती येथेच. मोडीही सुटली नव्हती. शिळाछापावर छापलेली मोडी वाचनाची पुस्तके विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत होती, कारण मुलकी परीक्षा आणि पुढे व्हर्नाक्युलर फायनल उतरलेल्या मुलापुढे मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी असे, आणि तलाठ्याचे दफ्तर मोडीत.

कोणी वाचायचे हा प्रश्न मात्र काय वाचायचे याहून आधीचा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा मुलीच्या हाती पुस्तक देणे हेच समाजाला खुपत होते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रमच मांडला. वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य असे विषय त्यात आहेत. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असेही त्यांनी म्हटले. त्यानंतरही साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. वाचनाच्या तासाचा कोणताही इतिहास या गोणपाटाला वळसा घालून लिहिता येणार नाही.

विसाव्या शतकात अध्यापन विद्यालयांतून जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पायऱ्यांची पद्धत आली आणि शिक्षकाच्या हातात टाचणवही आली. पाठाला आता ठरीव क्रम मिळाला. प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, शिक्षकाचे आदर्श वाचन, मुलांचे प्रकट वाचन, नव्या शब्दांची फळ्यावर फोड, आशयावर प्रश्न, शेवटी मूक वाचन आणि घरचा स्वाध्याय. या साच्याला पुढे पुष्कळ नावे ठेवली गेली, आणि तो यांत्रिक झाला हे खरेच. पण त्याने दोन चांगल्या गोष्टी केल्या. आधी शिक्षकाने स्वतः नीट वाचून दाखवले पाहिजे, हे बंधन घातले. आणि ओठ मिटून वाचणे हेही वाचनच आहे, हे मान्य केले. दिपोटीला मूक वाचन तपासता येत नव्हते, म्हणून ते इतकी वर्षे तासात नव्हते.

पुस्तकही बदलले. प्र. के. अत्रे हे मुख्याध्यापक होते आणि लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले होते. मुलांना रुक्ष उपदेश नको, जिवंत भाषा हवी, या आग्रहातून त्यांची 'नवयुग वाचनमाला' निघाली. क्रमिक पुस्तक हा आनंदाचा विषय होऊ शकतो, हे तिने अनेक घरांना दाखवले. तिकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकवताना साने गुरुजींनी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढायला घेतले. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत, रोज काही नवे वाचायला मिळते आहे इतकेच. शाळेतल्या वाचनाच्या इतिहासात या हस्तलिखिताचे मोल कोणत्याही क्रमिक पुस्तकाहून कमी नाही.

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले. खासगी वाचनमालांची जागा राज्यभर एकाच पुस्तकाने घेतली. किंमत कमी झाली, दूरच्या खेड्यातही तेच पान पोहोचले, निवडीला वाव मात्र उरला नाही. ती उणीव काही अंशी मंडळाच्याच 'किशोर' मासिकाने भरून काढली. ते १४ नोव्हेंबर १९७१ रोजी सुरू झाले. त्याच्यावर स्वाध्याय नव्हता, म्हणून मुलांनी ते मनापासून वाचले.

आजच्या पाठ्यपुस्तकात अध्ययन निष्पत्ती छापलेल्या असतात. सातवीच्या मुलाने बातमी, जाहिरात, तक्ता वाचावा, मजकुराविषयी स्वतः प्रश्न विचारावेत आणि आपले मत द्यावे, अशी अपेक्षा आता कागदावर आहे. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची झाल्यापासून हा तास मराठी घरात न वाढलेल्या मुलांचाही झाला आहे. २०२३ मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत प्रत्येक पाठानंतर कोरी पाने जोडली गेली, मुलाने वाचलेल्यावर स्वतःच्या नोंदी तेथेच कराव्यात म्हणून. बहुतेक ठिकाणी ती पाने कोरीच राहिली, मुले वह्या आणतच राहिली, आणि २०२५-२६ च्या पुस्तकांतून ती काढून टाकण्यात आली.